एकाच घरात सूज: पिवळ्या धोत्र्याच्या विषबाधेचं ग्वाल्हेरमधलं एक प्रकरण

हे प्रकरण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी एकत्र कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं, गल्ली आणि घरचा धंदा वगळला आहे. माणसांचा उल्लेख नात्यांनीच केला आहे आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मी इथे फिजिशियन आहे. पिवळ्या धोत्र्याच्या विषानं होणारा हा आजार, म्हणजे साथीचा जलशोथ, पाठ्यपुस्तकात सविस्तर दिलेला असतो, परीक्षेत विचारला जातो, आणि तरीही समोर आला की ओळखायला उशीर होतो. माझ्या मते याचं मुख्य कारण असं की आपण रुग्ण एकेक करून तपासतो, आणि हा आजार चुलीभोवतीच्या सगळ्यांना मिळून होतो. या प्रकरणात ते फार स्पष्ट दिसलं, म्हणून ते सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

घरात आठ माणसं. आजोबा, आजी, थोरला मुलगा, थोरली सून, त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा, धाकटा मुलगा, धाकटी सून आणि तिचं चार महिन्यांचं बाळ. थोरल्याची मोठी मुलगी इंदूरला वसतिगृहात राहून शिकते. धुण्याभांड्याला एक बाई येतात. सकाळचा चहा आणि आदल्या रात्रीचं उरलेलं त्या इथेच खातात.

या घरात दोन तेलं वापरली जातात. फोडणीला, उपासाला आणि आजींच्या जेवणाला शेंगदाण्याचं. पराठे, भजी, भरली वांगी, भरली कारली आणि लोणचं यांना मोहरीचं, ज्याला इथे मराठी घरांतही कडवं तेलच म्हणतात. ग्वाल्हेरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांच्या घरी ही विभागणी नवी नाही. भिंड-मुरैना हा मोहरीचा पट्टा आहे, आणि मुलांच्या जिभेला त्या तेलाचा तिखट वास लहानपणापासून ओळखीचा असतो. आजींना मात्र तो वास आजही सहन होत नाही.

धाकटी सून मुरैन्याजवळच्या गावची. माहेर हिंदी बोलणारं, ती आता सफाईदार मराठी बोलते. एप्रिलमध्ये तिच्या वडिलांनी नातवाला पाहायला येताना घरच्या मोहरीचं, गावच्या घाणीवर काढलेलं तेल आणलं, पंधरा किलोचा डबा भरून. बाजारच्या पिशवीतल्या तेलापेक्षा हे शुद्ध म्हणून घरात सगळ्यांनाच आनंद झाला. जुनं तेल संपल्यावर मेच्या सुरुवातीला हा डबा फोडला.

त्रास कसा दिसला

पहिल्यांदा अकरा वर्षांच्या मुलाला जुलाब झाले. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास, तेव्हा ऊन लागलं असं समजून ओआरएस आणि दही-भात सुरू झाला. जुलाब थांबले, पण पोरगं मलूल राहिलं.

मग थोरल्याचे पाय संध्याकाळी सुजायला लागले. तो रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेत होता. या गोळीनं घोट्यांना सूज येते हे खरंच आहे, त्यामुळे त्याच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. हा निर्णय त्या एका माणसापुरता अगदी योग्य होता. आजोबांचे पाय सुजले तेव्हा त्यांना दुसरीकडे नेलं. वय बहात्तर, मधुमेह जुना, तेव्हा मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली आणि मीठ बंद करण्यात आलं. हेही योग्यच. धाकट्याच्या तळपायांची आग होत होती. तो मालनपूरच्या कारखान्यात दिवसभर बूट घालून उभा असतो, म्हणून त्यानं ती बुटांवर ढकलली.

जूनच्या मध्यावर थोरली सून मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलाचे पाय गुडघ्याखाली चकचकीत आणि लालसर दिसत होते. बोटानं दाबलं की खळगा पडे आणि तो कळवळे. नाडी जलद होती. लघवीत प्रथिनं नव्हती, म्हणजे मुलांत सूज आली की आपण पहिल्यांदा ज्याचा विचार करतो तो नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिनं गळण्याचा विकार, मागे पडला. रक्त कमी झालेलं. मी कागद लिहीत असताना ती म्हणाली, "डॉक्टर, हसू नका, पण आमच्या घरात सगळ्यांचेच पाय सुजलेत. माझेसुद्धा. असं कुठं असतं का?"

असं असतं. आणि जिथं असतं तिथं कारणं मोजकीच राहतात.

पहिला निर्णय: सगळ्यांना एकत्र बोलावणं

त्याच संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला बोलावलं, ज्यांना काहीच होत नव्हतं त्यांनाही. मी हे आग्रहानं सांगते, कारण अशा वेळी निरोगी माणूस आजारी माणसाइतकीच माहिती देतो. कोण वाचलं आणि ते काय खात नव्हतं, यातून वाट सापडते.

आजोबा, थोरला, थोरली सून आणि मुलगा या चौघांना स्पष्ट सूज होती. थोरल्याला जिना चढताना धाप लागत होती आणि रात्री दोन उशा घेऊन झोपावं लागत होतं. धाकट्याला सूज किरकोळ, पण पायांवर लाली आणि दाबलं की दुखत होतं. आजी, धाकटी सून आणि बाळ ठणठणीत. इंदूरच्या मुलीला फोन लावला, तिलाही काही नव्हतं.

बेरीबेरीत, म्हणजे थायमिन जीवनसत्त्वाच्या अभावानंही अशी सूज आणि धाप येते, आणि जुन्या काळी या दोन आजारांची सतत गल्लत होत असे. पण या घरात डाळ, भाजी, गहू, दूध सगळं होतं. हातापायांतली संवेदना शाबूत होती. उलट आधी जुलाब, मग सूज, त्वचेवर लाली, दुखरे पाय, जलद नाडी, आणि हे सगळं एका छताखाली महिन्याभरात. हे चित्र साथीच्या जलशोथाचं होतं, आणि तो आजार पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळलेल्या तेलातून येतो.

दुसरा निर्णय: तेलाबद्दल कसं विचारायचं

"घरात तेल कोणतं?" हा प्रश्न साधा वाटतो. या घरात तो साधा नव्हता. कडव्या तेलाचा डबा धाकट्या सुनेच्या माहेरचा होता, ती समोर बाळाला घेऊन बसली होती, आणि सासरे, जाऊ, दीर, पुतण्या सगळे सुजलेले. ती मात्र बरी. शब्द चुकला असता तर त्या घरात कायमची तेढ पडली असती, आणि तेलाबद्दलची खरी माहितीही बाहेर आली नसती. माणूस आरोपी झाला की तो आठवून सांगत नाही, बचाव करतो.

म्हणून मी तेलापासून सुरुवात केली नाही. प्रत्येकाला सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं ते सांगायला लावलं. आजी शेंगदाण्याच्या तेलाबाहेर जात नाहीत आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस उपास करतात. धाकटी बाळंतीण, तिचं जेवण अजून साजूक तुपातलं, डिंकाचे लाडू, वरण-भात. धाकटा दुपारचं जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये घेतो, घरचा फक्त सकाळचा पराठा. बाकी चौघं तीन वेळा घरचं जेवतात. एवढं बोलून झाल्यावर मला काही सांगावं लागलं नाही. थोरली सून स्वतःच म्हणाली, "म्हणजे कडवं तेल."

आजींनी लगेच बाजू घेतली. "हिच्या माहेरचं तेल घाणीचं आहे हो, डोळ्यांदेखत काढलेलं. बाजारचं भेसळीचं नव्हे." त्यांचं म्हणणं खरं होतं, भेसळ कुणी केलीच नव्हती. पण धाकटीचा चेहरा उतरला होता आणि ती वेगळ्याच विचारात होती. तिनं विचारलं, "मग माझ्या आईबाबांकडेही तेच तेल आहे. त्यांना काही झालं असेल का?" तिथूनच फोन लावला. वडिलांचे पाय तीन आठवड्यांपासून सुजलेले, खोकला, धाप. आईचेही पाय जड. गावात सगळे म्हणत होते, उन्हाळा आहे, होतं असं.

त्या एका फोननं निदान जवळजवळ पक्कं झालं. आणि तो फोन तिनं केला, हे मी आजोबा-आजींसमोर मुद्दाम बोलून दाखवलं.

विष कोणतं, आणि ते काय करतं

पिवळा धोत्रा ही अमेरिका खंडातून आलेली काटेरी वनस्पती. शास्त्रीय नाव अर्जेमोन मेक्सिकाना, कुळ अफूचं, आणि नेहमीच्या धोत्र्याशी तिचं नातं नाही. ग्वाल्हेरकडे तिला सत्यानाशी म्हणतात. पानांवर पांढऱ्या शिरा, पिवळी फुलं, देठ मोडला की पिवळा चीक. काट्यांमुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून बांधावर आणि पडीक जागेत ती माजते. मोहरी काढायची वेळ आणि हिची बोंडं पिकायची वेळ जवळजवळ सारखीच. बी काळसर, मोहरीएवढं. नीट पाहिलं तर त्यावर जाळीसारख्या खाचा असतात आणि मोहरी त्यामानानं गुळगुळीत असते, पण मूठभर मोहरीत मिसळलेलं ते नुसत्या नजरेला सापडत नाही.

या बियांच्या तेलात सँग्विनारिन आणि डायहायड्रोसँग्विनारिन ही अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली विषारी द्रव्यं, असतात. ती केशवाहिन्या फुगवतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपू लागतं. रक्तातला द्रव ऊतींमध्ये उतरतो, पाय सुजतात, फुप्फुसांत पाणी साठू शकतं आणि हृदयावर ताण येतो. पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंपही या विषानं मंदावतो, साखरेपासून पेशींत तयार होणाऱ्या पायरुविक आम्लाचं ज्वलन अडतं आणि ते साठत राहतं. त्वचेवर लाली येते, कधी रक्ताळ पुळ्या येतात. काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो. तेल खाण्यात आल्यापासून साधारण एक आठवडा ते दोन महिने या काळात लक्षणं दिसतात. मोहरीच्या तेलात शंभरात एक भाग एवढी मिसळसुद्धा आजाराला पुरते. स्वयंपाकाच्या नेहमीच्या तळण्या-परतण्यानं ते विष भरवशानं नाहीसं होत नाही. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांत हा आजार सहसा दिसत नाही.

१८७७ साली कलकत्त्यात या आजाराची पहिली नोंद झाली. तेलाशी त्याचा संबंध दाखवायला १९२६ साल उजाडलं. १९९८ मध्ये दिल्लीत मोठी साथ आली, साठांहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर खाद्यतेल पॅकबंद विकण्याचे नियम कडक झाले. २००० साली ग्वाल्हेरमध्येही साथ नोंदली गेली आहे. म्हणजे या शहराला हा आजार परका नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तेलाचा अहवाल येईपर्यंत थांबण्याचा. घरच्यांचा कल तिकडे होता, कारण सिद्ध झाल्याशिवाय व्याह्यांच्या तेलाला बोल लावणं त्यांना जड जात होतं. पण या विषावर उतारा नाही. उपचाराचा खरा भाग म्हणजे ते पोटात जाणं थांबवणं, आणि थांबण्याचा प्रत्येक दिवस थोरल्याच्या हृदयावर पडत होता. माझा संशय खोटा ठरला असता तर नुकसान एका डब्याचं. खरा ठरून आम्ही थांबलो असतो तर काय गेलं असतं, हे मोजायची इच्छा मला नव्हती.

दुसरा पर्याय घरातली सगळीच तेलं बंद करण्याचा. सुरक्षित वाटतो, पण टिकत नाही. चार आजारी माणसांच्या घरात तीन दिवसांनी कुणीतरी हाताला येईल ते तेल कढईत घालतं. शेंगदाण्याचं तेल खाणाऱ्या आजी निरोगी होत्या, म्हणजे ते तेल त्यांच्या रूपानं तपासून झालंच होतं. ते चालू ठेवायचं ठरवलं.

तिसरा प्रश्न डब्याचा. आजोबा म्हणाले, "आत्ताच मोरीत ओततो." हा राग समजण्यासारखा होता, पण तेल गेलं असतं तर पुरावा गेला असता. मुरैन्याच्या त्या घाणीवर आणखी किती जणांची मोहरी गेली, हे कधीच कळलं नसतं.

आणि चौथा, सगळ्यांत नाजूक, सरकारी यंत्रणेला कळवण्याचा. आजींची भीती होती की व्याह्यांवर पोलीस केस होईल. मी त्यांना समजावलं की शेतातली मोहरी घरच्यासाठी काढणं आणि भेसळ करून विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण कळवल्याशिवाय गावातल्या इतर घरांपर्यंत कुणी पोचणार नाही. यावर निर्णय धाकट्या सुनेनं दिला. "कळवा," ती म्हणाली, "गावात माझ्या चुलत्यांचीही मोहरी तिथेच काढलीय."

काय केलं

थोरल्याला त्याच रात्री रुग्णालयात दाखल केलं. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाभोवती पाणी दिसत होतं. विश्रांती, प्राणवायू, लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड, हृदयाची देखरेख, असे उपचार झाले. बाकीच्यांवर घरीच. पाय वर ठेवून पडून राहणं, प्रथिनं भरपूर, बेतशीर प्रमाणात लघवीची औषधं, लोह आणि क व ई जीवनसत्त्वं. या जीवनसत्त्वांना उतारा समजू नये. विषामुळे पेशींची जी ऑक्सिडीकरणानं हानी होते ती पाहता ती देण्याला आधार आहे, एवढंच. मुरैन्याहून धाकटीच्या आई-वडिलांना आणवलं. वडिलांना दाखल करावं लागलं.

तेलाचे नमुने कोरड्या काचेच्या बाटल्यांत भरून, चिठ्ठी आणि तारीख लावून, मेणानं बंद केले. उरलेला डबा कुलुपात. एक नमुना ओळखीच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांच्या प्रयोगशाळेत संहत नायट्रिक आम्लाबरोबर हलवून पाहिला. तळच्या आम्लाचा थर नारिंगी-तांबडा झाला. ही चाचणी साधारण पाव टक्क्यापर्यंतची मिसळ दाखवते. पण ती पहिली पायरी आहे, खात्रीसाठी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी तपासणी, लागते, आणि घरी करून पाहण्यासारखी तर ती अजिबात नाही, त्या आम्लानं हात जळतात.

दुसरा नमुना अन्न विश्लेषकाकडे गेला. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधल्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न तपासून घेऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. इथे तेल विकत घेतलेलं नव्हतं, त्यामुळे कागदपत्रांत थोडी ओढाताण झाली. शेवटी जिल्हा आरोग्य कार्यालयाला दिलेल्या पत्राच्या आधारे अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांमार्फत तो पुढे गेला. पत्रात मी गाव, घाणी, रुग्णांची संख्या आणि लक्षणं लिहिली. व्याह्यांचं नाव लिहिण्याची गरज नव्हती, ते लिहिलं नाही.

बाळाबद्दलही एक निर्णय घ्यावा लागला. आजी बाळाला रोज त्याच कडव्या तेलानं माखत होत्या. स्वतः खात नसल्या तरी बाळाच्या हाडांना ते तेल चांगलं, असं त्यांना धाकटीच्या आईनं सांगितलं होतं. अर्जेमोनचं विष त्वचेतून शरीरात जाऊन जलशोथ झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. बाळ तपासलं, सूज नव्हती, नाडी वयाला साजेशी. माखणं थांबवलं, खोबरेल सुरू केलं आणि बाळाला काही काळ नजरेखाली ठेवलं. आजींचे हात मात्र मी त्या दिवशी दोनदा निरखून पाहिले. ते ठीक होते.

लोणच्याची बरणी

तेल बंद झाल्यावर मुलाची सूज दोन आठवड्यांत बरीच उतरली. थोरली सूनही सावरली. आजोबांची सूज मात्र आठवडाभर कमी झाली आणि मग तिथेच अडली, उलट लाली वाढली. मूत्रपिंडाच्या चाचण्या पूर्वीसारख्याच होत्या. मधुमेही म्हाताऱ्या माणसात अडलेल्या सुजेला दहा कारणं देता येतात, आणि औषधाचा डोस वाढवणं सोपं होतं.

त्याऐवजी मी त्यांच्या घरी गेले आणि जेवणाच्या वेळी बसले. आजोबांच्या ताटात आळणी वरण, आळणी भाजी आणि कैरीच्या लोणच्याच्या तीन फोडी होत्या, तेल निथळत असलेल्या. जूनच्या सुरुवातीला दोन बरण्या लोणचं घातलं होतं, त्याच डब्यातल्या तेलात. मीठ बंद झाल्यामुळे तोंडाला चव नव्हती, म्हणून ते लोणच्यावर जास्तच अवलंबून होते. मीठही तिथूनच जात होतं, विषही तिथूनच. घरात कुणी काही लपवलं नव्हतं. ‘तेल बंद’ म्हणजे कढईतलं तेल बंद, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला होता. लोणचं हे त्यांच्या लेखी तेल नव्हतंच.

बरण्या टाकताना आजींचा जीव तुटला. वर्षाचं लोणचं होतं ते. मग मी आणि थोरल्या सुनेनं स्वयंपाकघरातलं एकेक फडताळ पाहिलं. डब्यात भाजलेली मिरची होती, ती त्याच तेलातली. शेव-चिवडा त्याच तेलातला. समईजवळची तेलाची बुधली होती, तीही काढली, कारण हाताला येईल ते वापरलं जातं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच पुढे आली. भांडी घासायला आलेल्या बाईंच्या पायांवर सूज होती. आदल्या रात्रीचं उरलेलं त्या इथेच खात. आम्ही घरची माणसं मोजली होती, त्यांना मोजलं नव्हतं. आजींना मग आठवलं की डबा फोडला त्या सुमाराला त्यांनी बाईंना एक बाटली कडवं तेल दिलं होतं. त्यांच्या दोन मुलांपैकी एकाला सूज आली होती. बाटली परत मागवली, दोघांवर उपचार झाले, आणि कामाला न येता आलेल्या दिवसांची मजुरी या कुटुंबानं दिली.

परिणाम

कुणी दगावलं नाही. थोरला रुग्णालयातून घरी आला, पण धाप पूर्ण जायला बरेच आठवडे लागले. पावसाळा संपता संपता त्याला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. औषधाचे थेंब सुरू केले, आणि काही महिन्यांनी दाब आटोक्यात आला. डोळ्यांच्या या त्रासाबद्दल आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे तो लगेच दाखवायला आला. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून हे सांगून ठेवणं मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं. आजोबांची सूज लोणचं बंद झाल्यावर उतरू लागली आणि साधारण तीन महिन्यांनी गेली. धाकटीचे वडील बरे झाले.

अहवालात अर्जेमोन तेल आढळलं. मिसळ कशी झाली हे वडिलांनीच उलगडून सांगितलं. मळणीनंतर चांगली मोहरी मंडईत विकली होती. घरच्या तेलासाठी खळ्याच्या तळाशी उरलेली, झाडून गोळा केलेली मोहरी घाणीवर नेली. बांधाकडेला सत्यानाशीचं रान होतं आणि त्याचं बी गळून खळ्यात आलं होतं. जे सगळ्यांत चांगलं ते बाजारात आणि जे उरलं ते आपल्या पोटात, ही आपल्याकडच्या कितीतरी शेतकरी घरांची रीत आहे. त्यात लोभ नाही, ओढग्रस्ती आहे. लेकीकडे पाठवलेला डबा त्याच तेलाचा, आणि त्यांनी तो प्रेमानंच पाठवला होता.

आरोग्य कार्यालयाची माणसं गावात जाऊन आली. त्या घाणीवर तेल काढलेल्या आणखी काही घरांत पाय सुजलेले सापडले आणि तेल थांबवलं गेलं. उरलेली पेंड म्हशींना घालू नका, असंही सांगण्यात आलं.

काय वेगळं करता येईल

सुरुवातीच्या दोन डॉक्टरांचे निर्णय त्यांच्यापुढच्या रुग्णाला धरून बरोबर होते. एक प्रश्न जास्त विचारला गेला असता तर दोन-तीन आठवडे वाचले असते: घरात आणखी कुणाला सूज आहे का? तो विचारायला अर्धा मिनिट लागतो. उत्तर ‘हो’ आलं तर पुढची महागडी तपासणी लिहिण्याआधी तेलाकडे वळावं, विशेषतः मोहरीच्या हंगामानंतरच्या महिन्यांत.

‘तेल बंद’ ही सूचना अपुरी पडते. कढईतलं तेल, लोणचं, तळून ठेवलेलं, मालिशचं, डोक्याला लावायचं, दुसऱ्यांना दिलेलं, असं एकेक नाव घेऊन सांगावं, आणि शक्य असेल तर कुणीतरी घरी जाऊन पाहून यावं. आजोबांचे अडलेले दिवस त्यामुळे टळले असते.

नमुन्यांबाबत, लोणच्यातल्या तेलाचाही वेगळा नमुना ठेवण्यासारखा होता. डब्यातलं तेल आणि बरणीतलं तेल एकाच वेळी तपासलं गेलं असतं तर बरण्या टाकण्याबद्दल आजींना पटवणं सोपं गेलं असतं. दुसरीकडे मळणीच्या बाजूनं, तळची मोहरी तेलासाठी नेण्याआधी चाळून, ताटात पसरून भिंगाखाली पाहणं, आणि त्याहून आधी बांधावरची झाडं फुलावर यायच्या आत उपटणं, हे धाकटीच्या वडिलांनी पुढच्या हंगामात केलं. मोहरीच्या शेतात ते आता स्वतः फिरतात, असं ती सांगते.

कळवण्याच्या बाबतीत कुटुंबाची भीती घालवण्यात जो वेळ गेला तो घालवणं भागच होतं. त्यांना न विचारता पत्र गेलं असतं तर गावातून माहिती मिळालीच नसती. पण बाईंच्या बाटलीची आठवण उशिरा झाली. तो प्रश्न पहिल्याच संध्याकाळी विचारण्यासारखा होता. सुजेच्या रुग्णाच्या केसपेपरवर आता तीन ओळी वेगळ्या ठेवलेल्या असतात: या चुलीवरचं कोण कोण खातं, कोण खात नाही, आणि या डब्यातलं आणखी कुणाच्या घरी गेलं.